हायब्रिड गाडीचे ब्रेक होज: तपासायचे कसे, बदलायचे कसे

मागच्या सप्टेंबरात कासची फुलं बघून एक काका यवतेश्वरचा घाट उतरले ते थेट माझ्याकडे आले. गाडी चार वर्षांची हायब्रिड, जिवापाड जपलेली. म्हणाले, "साताऱ्यात फिरताना काही नाही बघा. पण घाटात ब्रेक मारला की स्टिअरिंग हळूच उजवीकडे जातं आणि पाय काढला की डावीकडे ओढतं. अलाइनमेंट करून द्या."

अलाइनमेंटच्या आधी मी चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. पुढचं डावं चाक बाकीच्या तिघांपेक्षा चांगलंच तापलेलं होतं. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, ब्रेक ऑइल पातळीवर, होज, म्हणजे लोखंडी पाइपातून चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी लवचिक रबरी नळी, बाहेरून नवाकोरा. पुढे तो होज बदलला आणि जुना ब्लेडने उभा चिरला. आतलं भोक असतं जेमतेम तीन मिलिमीटरचं. कॅलिपरकडच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडच्या) टोकाला, जिथे धातूची टोपी दाबून बसवलेली असते तिथे, आतल्या रबराची एक पापडी सुटून भोकात आडवी आली होती. पेडलचा दाब त्या पापडीला रेटून पुढे जात होता, पण पाय काढल्यावर ऑइलला परत यायला वाट मिळत नव्हती. म्हणून ते चाक ब्रेकला उशिरा लागायचं आणि सुटायचंही उशिरा. सर्व्हिसिंगमध्ये पॅड साफ करताना कुणीतरी कॅलिपर होजवरच लोंबकळत ठेवला असणार. हा दोष बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

असा होज साध्या पेट्रोल गाडीत महिन्याभरात कळला असता. हायब्रिडमध्ये तो किती दिवस लपला होता, कोण जाणे. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितोय.

घाटात काय होतं

हायब्रिडमध्ये ब्रेकवर हलका पाय ठेवला की आधी मोटर जनित्रासारखी चालते, गाडीचा वेग खाते आणि बॅटरी भरते. पोवई नाका ते बसस्टँड अशा रहदारीत बहुतेक ब्रेकिंग तीच करते. पॅड, डिस्क आणि होज यांना फार काम पडत नाही. पॅड लाखभर किलोमीटर टिकले म्हणून आपण खूश होतो, पण होजचं रबर किलोमीटर मोजत नाही. ऊन, चिखल आणि वर्षं त्याच्या अंगावर येतच राहतात.

आता पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरा. उंचीतला फरक साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट गाडी सोळाशे किलो धरली तर एवढ्या उतारात सुटणारी ऊर्जा होते जवळपास २.४ युनिट. काही टायरमध्ये आणि हवेत जाते, तरी दीड युनिटाच्या आसपास उरते. आणि लहान स्ट्राँग हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी अख्खी मिळून एक युनिटाचीही नसते, त्यातलाही मधला थोडाच भाग वापरात असतो. म्हणजे अर्ध्या घाटातच बॅटरी भरते आणि मोटरचं ब्रेकिंग जवळजवळ थांबतं. त्यापुढचा भार इंजिन ब्रेकिंगवर आणि पॅड-डिस्कवर. वर्षभर आरामात पडून असलेल्या होजला पहिलं खरं काम लागतं ते नेमकं वळणावर, खाली दरी असताना.

दुसरी गोष्ट पायाची. अनेक हायब्रिडमध्ये पेडल आणि चाक यांचा रोजच्या वापरात थेट संबंध नसतो. पेडल किती दाबलं हे सेन्सर सांगतो, दाब पंप तयार करतो आणि पायाला जो कडकपणा जाणवतो तो एका वेगळ्या स्प्रिंगचा असतो. त्यामुळे होज फुगत असला तरी पेडल नेहमीसारखंच लागू शकतं. "ब्रेक मऊ झाला की बघू" हा जुना हिशेब इथे चालत नाही. होज डोळ्यांनी आणि बोटांनीच तपासावा लागतो.

तपासणी: ही प्रत्येकाने करावी

वर्षातून दोनदा पुरे. एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, चिखल वाळल्यावर. शेताकडे गाडी लावत असाल तर उंदरांसाठी मध्येही एकदा बघा. उसाच्या फडाजवळ उभ्या राहिलेल्या गाडीची रबरं कुरतडलेली मी पाहिली आहेत.

सपाट, घट्ट जमिनीवर गाडी लावा. गिअर पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला, जे चाक उचलायचं त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना मागेपुढे लाकडी ठोकळे. जॅकने उचला, पण वजन स्टँडवर द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका.

चाक निघालं की आधी होज ओल्या फडक्याने पूर्ण पुसा. चिखलाखाली काहीही लपतं, आणि वाळलेल्या तांबड्या मातीत जी बारीक रेव असते ती होज धरणाऱ्या पट्टीजवळ रबराला कानस मारल्यासारखी घासते. मग टॉर्च घेऊन वरच्या टोकापासून खालपर्यंत जा. होज अंगठा आणि बोटं यांच्यात हळू वाकवून बघा. वाकवल्यावर वरच्या सालीवर केसासारख्या भेगा दिसल्या तर होज म्हातारा होतोय, पुढच्या सर्व्हिसिंगला बदला. भेगेतून आतली धाग्यांची वीण दिसली तर आजच बदला. होजची रचनाच तशी आहे: आत रबरी नळी, तिच्यावर धाग्यांची वीण आणि वर रबराची साल. दाब सोसते ती वीण. तिला पाणी लागलं की ती कमकुवत होऊ लागते.

दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांवर जास्त वेळ द्या. गंज फुगून रबरात शिरला असेल, टोपीच्या काठाशी ओल असेल, तर वाट बघू नका. ओल कशाची हे ओळखायला सोपा उपाय आहे. बोटावरचा थेंब पाण्याच्या वाटीत सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, शॉकअबचं तेल किंवा ग्रीस वर तरंगतं.

होजवर लांबीने छापलेली रेघ असते. ती सरळ खाली गेलेली दिसली पाहिजे. रेघ जिलबीसारखी फिरली असेल तर होज पिळून बसवला आहे. नवा असला तरी तो सोडवून पुन्हा बसवायचा. शेवटी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून होज टायरला, रिमला किंवा स्प्रिंगला कुठे शिवतो का ते बघा. काळ्या रबरावर एखादाच चकचकीत डाग असेल तर तिथे तो घासतोय.

फुगा बघायला जोडीदार लागतो. ब्रेकवर पाय न ठेवता पॉवरचं बटण दोनदा दाबलं की बहुतेक हायब्रिड नुसत्या इग्निशन ऑनवर येतात, रेडी (चालायला तयार) होत नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रेडीमध्ये इंजिन कधीही आपोआप सुरू होऊ शकतं. जोडीदाराला पेडल जोरात दाबून धरायला सांगा. डोळ्यांवर गॉगल घाला आणि होजवरून बोटं फिरवा. एकाच जागी रबर उठलं तर वीण तुटली आहे.

होज आतून बुजलाय का

काकांच्या गाडीसारखा आतला दोष बाहेरून दिसत नाही. फेरफटका मारून आल्यावर चाकांची ऊब ताडून बघा. तळव्याने डिस्क धरू नका, हाताची मागची बाजू रिमजवळ न्या. एकच चाक गरम वाटलं तर पुढे जा.

इथे बरेच जण फसतात. हायब्रिड पी मध्ये असताना पुढचं एक चाक उचललं तर ते फिरतच नाही, आणि ब्रेक धरलाय असं वाटतं. खरं तर पी ची खुंटी आणि जमिनीवरचं दुसरं चाक मिळून त्याला अडवतात. म्हणून मागच्या चाकांना ठोकळे आणि हँडब्रेक पक्का करून, इग्निशन ऑनवर गिअर एन मध्ये घ्या आणि मग चाक हाताने फिरवा. पेडल दाबून सोडल्यावर चाक लगेच मोकळं व्हायला हवं. जड राहिलं, तर गाडी बंद करून कॅलिपरची ब्लीड निपल (हवा काढायची छोटी तोटी) थोडी ढिली करा. थेंबभर ऑइल पिचकारीसारखं उडून चाक सुटलं, तर दाब अडकून राहिला होता. निपल उघडूनही चाक सुटलं नाही, तर होज निर्दोष आहे, कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या सरकपिना अडकल्या आहेत. दाब अडकला होता असं कळलं, तर निपल बंद करून पुन्हा दाबा-सोडा आणि या वेळी होजच्या वरचा, लोखंडी पाइपचा नट ढिला करा. वरून सोडूनही चाक जखडलेलंच राहिलं तर दोष होजमध्येच. सुटलं तर अडचण त्याच्याही वर आहे. या परीक्षेत थोडी हवा शिरते, तेव्हा हवा काढायची तयारी असेल तरच ती करा.

बदलण्याआधी

माझं मत स्पष्ट आहे. तपासणी घरी करा. बदलायचं काम मात्र तुमच्या गाडीच्या ब्रेक सिस्टिमशी बोलणारा स्कॅनर हाताशी असेल तरच अंगावर घ्या. इंजिन लाइटचे कोड वाचणारा छोटा डबा पुरत नाही, ब्लीडिंग मोड, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायची सोय, असलेला स्कॅनर लागतो. तो नसेल तर हे वाचून गॅरेजवाल्याच्या शेजारी उभे राहा आणि तो काय करतो ते बघा. तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

होज चॅसिस नंबर सांगूनच घ्या. डावा आणि उजवा बहुधा वेगळे असतात. एक खराब झाला असेल तर त्याच धुरीवरचा दुसराही बदला, दोघांचं वय तेच असतं. होजवर एसएई जे १४०१ असा छाप आणि बनवल्याची तारीख असते, ती वाचा. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला होज नवा म्हणून घेऊ नका. प्रत्येक बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन नवे तांब्याचे वॉशर लागतात, ते विसरलात तर काम अडतं. जुने वॉशर एकदा दबलेले असतात, ते पुन्हा सील करतील याची खात्री नाही.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, आणि डबा सीलबंद. डॉट ३ चा उकळबिंदू नवा असताना निदान २०५ अंश असतो, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्या पावसाळी हवेत उघडा डबा महिनाभर कपाटात ठेवून पुन्हा वापरणं म्हणजे पाणी ओतणं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल चुकूनही टाकीत पडू देऊ नका, थोडंसं पडलं तरी सिस्टिममधलं सगळं रबर फुगतं.

हत्यारांत फ्लेअर नटचा पाना हवाच. रिंग पान्याला एका बाजूने खाच पाडल्यासारखा दिसतो. साध्या दुतोंडी पान्याने लोखंडी पाइपचा नट गोल होतो, आणि मग पंचवीस मिनिटांचं काम आख्खा दिवस खातं. त्याशिवाय टॉर्क पाना, पारदर्शक नळी, बाटली, पाइपला लावायला रबरी टोपी, हातमोजे, गॉगल.

गाडी पूर्ण झोपवा

गाडी बंद, चावी दूर, घरात ठेवा, खिशात नको. अनेक हायब्रिडमध्ये ड्रायव्हरचं दार उघडलं किंवा पेडलला पाय लागला की ब्रेकचा कंप्युटर जागा होतो आणि पंप घूं करून दाब भरतो. त्या वेळी होज सुटलेला असेल तर ऑइल डोळ्यांत येईल. म्हणून डिकी आणि बॉनेट आधीच उघडून ठेवा, गाडी बंद करून काही मिनिटं थांबा आणि मग १२ व्होल्टच्या लहान बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. काही गाड्यांमध्ये ही बॅटरी मागे असते. मोठ्या बॅटरीच्या, जास्त व्होल्टेजच्या केशरी तारांना हात लावायचं या कामात काहीच कारण नाही.

साध्या गाडीत ऑइल गळू नये म्हणून पेडलला काठी लावून ठेवतात. इथे ती युक्ती नको. रबरी टोपी लावा.

काढणं आणि बसवणं

आदल्या रात्री लोखंडी पाइपच्या नटवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, रबराला लागू देऊ नका. सकाळी सांधा तारेच्या ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने लख्ख करा. उघड्या पाइपात मातीचा एक कण गेला तर तो थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

पहिल्यांदा वरचा नट. होजचं षटकोनी टोक एका पान्याने धरा, नट दुसऱ्याने सोडवा. नटाबरोबर पाइपही फिरू लागला तर तिथेच थांबा, पुन्हा स्प्रे, पुन्हा मागेपुढे हलवणं. ताकद लावलीत तर पाइप पिळून तुटतो. सुटला की लगेच टोपी. मग पट्टीतली घोड्याच्या नालासारखी क्लिप पकडीने सरळ बाहेर ओढा. शॉकअबच्या पट्टीवरचा बोल्ट काढताना एबीएसच्या सेन्सरची तार बहुधा त्याच पट्टीत असते, ती ताणू नका. सगळ्यात शेवटी कॅलिपरचा बँजो बोल्ट. जुना वॉशर कॅलिपरला चिकटून राहिला नाही ना, बोटाने चाचपून बघा. जुन्यावर नवा चढला की गळती ठरलेली.

बसवताना उलट क्रम. नवे वॉशर बँजोच्या दोन्ही अंगांना, होजची छोटी खुंटी कॅलिपरच्या खाचेत, बोल्ट हाताने टेकेपर्यंत. दुसरं टोक पट्टीच्या षटकोनात बसवा आणि पाइपचा नट बोटांनी निदान तीन-चार आटे चढवा. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, पाना लावू नका. मग क्लिप, मग घट्ट करणं. बऱ्याच गाड्यांत बँजो बोल्टला साधारण ३० न्यूटन-मीटर आणि पाइपच्या नटाला १५ च्या आसपास लागतात, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. तांब्याचा वॉशर जास्त आवळून सील होत नाही, बोल्ट मात्र आतून चिरतो.

आता रेघ बघा. सरळ आहे? स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. मग जॅकने खालची आर्म थोडी उचलून सस्पेन्शन जमिनीवर असल्यासारखं करा आणि पुन्हा फिरवा. मी सुरुवातीच्या काळात हे एकदा केलं नव्हतं. लटकत्या चाकावर होज छान मोकळा दिसला, गाडी खाली आल्यावर पूर्ण वळणात टायरला घासू लागला. दोन दिवसांनी चुकून नजरेस पडला. तो डाग आठवला की अजून पोटात गोळा येतो.

हवा काढणं

बॅटरीची तार जोडा, स्कॅनर लावा, ब्लीडिंग मोड निवडा आणि तो सांगेल त्या क्रमाने चाकं घ्या. पाठ असलेला "लांबचं चाक आधी" हा नियम इथे लागू होईलच असं नाही. पारदर्शक नळी निपलवर, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. पेडलने हवा काढायची असेल तिथे दोघांचं बोलणं ठरलेलं हवं. माझा पुतण्या आत बसतो.

"दाब." "दाबलं काका." "धर, सोडू नकोस." निपल उघडली, बुडबुडे गेले, निपल बंद. "सोड."

निपल बंद व्हायच्या आधी पाय सुटला तर हवा परत आत जाते, म्हणून "सोड" ऐकल्याशिवाय हलायचं नाही. काही हायब्रिडमध्ये मागच्या चाकांना पंपच ऑइल ढकलतो. तिथे पेडल नुसतं धरून ठेवायचं, ऑइल जोरात येतं आणि टाकी बघता बघता खाली जाते. एक डोळा सतत टाकीवर ठेवा. पातळी खालच्या खुणेखाली गेली आणि पंपाने हवा ओढली, तर काम कित्येक पटींनी वाढतं. काळपट ऑइल जाऊन मधासारखं स्वच्छ, बुडबुडे नसलेलं येऊ लागलं की झालं. स्कॅनर शेवटी व्हॉल्व्ह किंवा पेडल सेन्सरची नोंद पुन्हा करायला सांगत असेल तर तो टप्पा टाळू नका. मग कोड पुसा. रंगावर ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका. जुनं ऑइल गटारात न ओतता बंद बाटलीत गॅरेजला द्या.

रस्त्यावर नेण्याआधी

सांध्यांना पांढरा टिश्यू गुंडाळा. जोडीदाराला दहा वेळा पेडल जोरात दाबायला सांगा आणि शेवटच्या वेळी मिनिटभर धरायला. टिश्यूवर डाग नको. चाक बसवून नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क पान्याने आवळा.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट मैदानावर. इथे एक खास हायब्रिडची गोष्ट: नुसता ब्रेक मारलात तर मोटरच गाडी थांबवेल आणि होजची परीक्षाच होणार नाही. वीस-पंचवीसच्या वेगात गिअर एन मध्ये घ्या आणि मग ब्रेक दाबा. एन मध्ये मोटर ब्रेक लावत नाही, सगळं काम पॅडवर येतं. गाडी सरळ थांबली पाहिजे, हात सैल असतानाही. हे फक्त रिकाम्या मैदानावर करायचं, उतारावर किंवा रहदारीत कधीच नाही.

शंभरेक किलोमीटर झाले की चाक पुन्हा काढा आणि बँजोभोवती कोरडं पांढरं फडकं फिरवा. फडकं कोरडं आलं की मग सज्जनगड करा, कास करा, पसरणीने वाईला उतरा.